मामांच्या वहीतलं 'गुणिले दोन'

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) गेल्या वर्षी मी साडेतीन महिने काढले. काम एका ओळीचं होतं: कारखान्यातल्या सगळ्या मीटरांचे आकडे ऑफिसातल्या एका पडद्यावर आणायचे. कोटेशनमध्ये मी पाच आठवडे लिहिले होते.

त्याआधी हे काम मेंटेनन्समधले मामा करायचे. रोज सकाळी आठला, काखेत लाँगबुक, खिशात टॉर्च. ट्रान्सफॉर्मर यार्डापासून फेरी सुरू व्हायची आणि मागच्या बोअरवेलपाशी संपायची. विजेचे 23 मीटर, पाण्याचे 3. फेरीला पाऊण तास लागायचा, आणि त्यातच सगळी गोम होती. मेन मीटरचं रीडिंग आठचं आणि भट्टीचं साडेआठचं. एखाद्या दिवशी वाटेत कोणी चहाला थांबवलं तर पावणेनऊचं. 350 किलोवॉटची भट्टी पाऊण तासात अडीचशेहून जास्त युनिट खाते. मग मेनमधून फीडर (एकेका विभागाकडे जाणाऱ्या लाइनी) वजा केले की कधी दोनशे युनिट जास्त, कधी तीनशे कमी. अकाउंटंट त्याला 'लॉस' म्हणायचा आणि पुढच्या पानावर जायचा.

मालकांना हवं होतं ते सोपं होतं. "एका टनाला किती युनिट पडले ते मला रोज संध्याकाळी कळलं पाहिजे." इंडक्शन भट्टीत बीड (ओतीव लोखंड) वितळवायला टनाला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. वीस-तीस युनिट इकडेतिकडे झाली तरी महिन्याअखेरीला ती चांगलीच बोचतात. त्यात 1 एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामी आलेली-न आलेली मिळून घेतलेल्या एकूण विजेवर, येऊ लागलं. म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामी आलेला वाटा) जरा घसरला की तेवढ्याच कामाचं बिल वाढलं. मामांच्या वहीत केव्हीएएचचा रकानाच नव्हता.

पहिले दोन दिवस मी नुसती पॅनेलची दारं उघडत फिरलो. 23 मीटर सहा कंपन्यांचे निघाले. कारखाना 20 वर्षांत वाढत गेला तसा जो पॅनेलवाला आला त्याने त्याला स्वस्त पडला तो मीटर बसवला. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच केलेलं होतं. भानगड एकत्र आणल्यावरची होती. तिथे आम्ही त्यांना पाडलेली नावंच सांगतो. 9 निळे, 6 करडे, 4 पांढरे, 2 'म्हातारे' (यांची मूळ कंपनी विकली गेलेली, मॅन्युअल कुणाकडे नाही), एक चेक मीटर आणि कँटीनच्या मागे फिरत्या तबकडीचा एक पुराणपुरुष.

नऊच्या नऊ निळे समोरून सारखे दिसत होते. मागून पाहिलं तर चारांना कम्युनिकेशनचा पोर्टच नव्हता. मॉडेल नंबरच्या शेवटच्या एका अक्षराचा फरक. खरेदीच्या वेळी कोणीतरी काही रुपये वाचवले होते. ते चार बदलायचे ठरले आणि माझ्या कोटेशनचं पहिलं भोक तिथे पडलं.

याच फेरीत कॉम्प्रेसरच्या मीटरवर थांबलो. तीन फेजपैकी बी फेजचे किलोवॉट उणे दिसत होते. तिथला सीटी, म्हणजे मोठा करंट लहान करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर, उलटा बसला होता. दोन फेज पुढे मोजायचे, तिसरा मागे, त्यामुळे खऱ्या वापराचा तिसरा हिस्सा नोंदला जात होता. वही चाळली. कॉम्प्रेसर रोज 310, 305, 318. शंभर एचपीची मोटर सोळा तास चालते आणि तीनशे युनिट? मामांना विचारलं तर म्हणाले, "मीटर दाखवतंय ते लिवतोय. मी काय मीटरच्या वर हाय का?"

सुट्टीच्या दिवशी शटडाउन घेऊन त्या सीटीच्या वायरी बदलल्या. (चालू लाइनवर सीटीची सेकंडरी (मीटरकडची बाजू) उघडी सोडायची नसते. तिथे जे व्होल्टेज तयार होतं ते माणसाला दुसरी संधी देत नाही. हे मी हेल्परला तीनदा सांगितलं आणि तरी चौथ्यांदा स्वतः जाऊन शॉर्टिंग लिंक तपासली.) आकडा लगेच तिप्पट झाला. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की मामांची वही आता बाजूला ठेवायची. जिने इतकी वर्षं तिसरा हिस्सा निमूट लिहून घेतला तिचा भरवसा काय धरायचा? हे ठरवणं मला पुढे महागात पडलं.

मग केबल. या मीटरांमधून माहिती बाहेर येते ती आरएस-485 नावाच्या दोन तारांवरून. एका मीटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी एकच माळ ओवायची असते आणि माळेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावायचा असतो. एका माळेत साधारण 32 उपकरणं, लांबी 1200 मीटरपर्यंत. आम्हाला 11 आणि 10 मीटरांच्या दोन माळा पुरल्या. माझा हेल्पर हाताचा पक्का, पण त्याचा सगळा जन्म लाइटच्या फिटिंगमध्ये गेलेला. त्याने भिंतीवर एक सुबक जंक्शन बॉक्स लावला आणि त्यातून पाच मीटरांना पाच वेगळ्या वायरी सोडल्या, पंख्यांना सोडतात तशा. फेरूल घालून, नंबर टाकून. काम इतकं देखणं होतं की तोडायला सांगताना मलाच वाईट वाटलं.

तोडायच्या आधी ते दोन दिवस चाललंही, आणि त्यानेच आमची दिशाभूल केली. रात्री सगळे मीटर बोलायचे, सकाळी सातनंतर निम्मे गप्प. आम्ही मीटरांना, गेटवेला (माळेवरचे आकडे गोळा करून नेटवर पाठवणाऱ्या डब्याला), शेवटी उन्हालाही दोष दिला. मग भट्टीवाल्या मिस्त्रीने भट्टी फुल पॉवरवर घेतली आणि माझ्या लॅपटॉपवर एकामागून एक टाइमआउट येत गेले. नॉब फिरवून पॉवर कमी केली की मीटर पुन्हा हजर. भट्टीचा इन्व्हर्टर हजार हर्ट्झच्या आसपास चालतो आणि आमची केबल त्याच्याच पॉवर केबलच्या ट्रेमधून, तिला खेटून साठ मीटर गेली होती. दुसरा ट्रे रिकामा नव्हता, म्हणून.

केबल काढली. भिंतीच्या दुसऱ्या अंगाने वेगळ्या जीआय पाइपमधून नेली, शिल्ड (केबलभोवतीची जाळी) एकाच टोकाला अर्थिंगला जोडली आणि जंक्शन बॉक्स मोडून माळ ओवली. तेव्हापासून भट्टी कितीही पेटली तरी लाइन हलली नाही. तो बॉक्स हेल्परने घरी नेला.

तारांच्या नावांचाही घोळ सांगितला पाहिजे. दोन टर्मिनलना ए आणि बी म्हणतात. मूळ मानकाप्रमाणे ए म्हणजे ऋण बाजू, पण बऱ्याच कंपन्या ए म्हणजे धन असं छापतात. निळ्यांचा ए हा करड्यांचा बी होता. वायर उलटी लागली तर काही जळत नाही, फक्त तो मीटर बोलत नाही. कधी कधी त्याच्यापायी अख्खी माळ मुकी होते. आम्ही शेवटी ए-बी विसरलो, मीटर चालू असताना मल्टिमीटर लावून धन कुठलं ते बघितलं आणि लाल-काळ्या टेपने खुणा केल्या.

यानंतर प्रत्येक मीटरला नंबर देणं. कारखान्यातून येताना सगळ्यांचा पत्ता 1 असतो. दोघांचा पत्ता एकच राहिला तर 'एक नंबर, बोल' म्हटल्यावर दोघे एकदम बोलतात आणि कळत काहीच नाही. बॉड रेट (बोलण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडायची खूण) हीही सगळ्या माळेची एकच हवी. पांढरे 19200 वर इव्हन पॅरिटीत आलेले, म्हातारे 9600 च्या वर जाईनात. शाळेत सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाच्या चालीने रांग चालते, तसे सगळे 9600 वर आणले. प्रत्येक मीटरचं बटण दाबून मेनूत शिरण्याची तऱ्हा वेगळी. म्हाताऱ्यांचा पासवर्ड मामांनी सांगितला. तो पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला होता, आणि मी ते दार दहा वेळा उघडलं होतं.

आता खरी भाषा. हे सगळे मीटर मॉडबस बोलतात. 1979 मध्ये मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) काढलेली ही पद्धत, आणि अजून जगभरचे कारखाने तिच्यावर चालतात. पण मॉडबस फक्त एवढंच ठरवतं की प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं द्यायचं. मीटरच्या आत खणांची रांग असते, त्यांना रजिस्टर म्हणतात. कुठल्या खणात काय ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. एकाने व्होल्टेज पहिल्या कप्प्यात ठेवलं, दुसऱ्याने माळ्यावर. एक 3 नंबरच्या आज्ञेने उत्तर देतो, दुसरा 4 नंबरच्या. मॅन्युअलमध्ये 40001 लिहिलेलं असतं आणि तारेवरून प्रत्यक्षात शून्य पाठवायचं असतं. काही मॅन्युअलमध्ये ही एकाची वजाबाकी आधीच केलेली असते, काहींत नाही, आणि आपण कुठलं हातात धरलं आहे ते छापलेलं नसतं. एकाने चुकलात की एका आकड्याचा उत्तरार्ध आणि पुढच्याचा पूर्वार्ध जोडून येतो.

जोडून येतो, कारण एक खण फक्त 16 बिटांचा आणि दशांश आकडा 32 बिटांचा. त्याला दोन खण लागतात. आधी कुठला अर्धा ठेवायचा यावर कंपन्यांचं एकमत नाही. करड्या मीटरांना पहिल्यांदा व्होल्टेज विचारलं तेव्हा मीटरच्या तोंडावर 231.4 होतं आणि माझ्या पडद्यावर 2 आणि त्याच्यापुढे तेवीस आकडे. दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल झाली की 231.4 चं नेमकं एवढंच होतं, नंतर मी कागदावर करून पाहिलं. मामा मागे उभे होते. म्हणाले, "एवढं व्होल्टेज आलं तर अख्खं कोल्हापूर उडतंय की वो."

याच्यावरची युक्ती मला एका जुन्या मित्राने शिकवली होती आणि ती मी फुकट वाटतो: मीटर नवा असेल तर आधी फ्रिक्वेन्सी वाचा. व्होल्टेज फेजागणिक वेगळं असतं, करंट क्षणाक्षणाला बदलतो, युनिटचा आकडा खरा की खोटा ते नुसतं पाहून कळत नाही. फ्रिक्वेन्सी मात्र सगळ्या मीटरांवर तीच असते, पन्नासच्या आसपास. कारखान्यातच काय, देशभर तीच. दक्षिणेचं ग्रिड 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर 765 केव्ही लाइनवरून उरलेल्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा देश एकाच ठेक्यावर चालतो. म्हणून मी प्रत्येक मीटरला तोच एक प्रश्न या सगळ्या प्रकारांनी विचारला. जिथे 49.9 किंवा 50.0 आलं तो प्रकार खरा. 21 मीटर एका दुपारी लावून झाले. मॅन्युअल वाचण्यात गेलेले आधीचे चार दिवस मात्र वाया.

एककांचंही तसंच. निळे युनिट किलोवॉट-तासात देतात, पांढरे पूर्णांकात देतात आणि दहाने भागायला सांगतात, म्हातारे वॉट-तासात. म्हाताऱ्यांची गंमत उशिरा कळली. त्यातला एक ऑफिसच्या लाइनवर आहे. रात्री तिथे तीनशे वॉट जळतात, पण मिनिटामिनिटाचा आलेख जिन्यासारखा दिसायचा: तीन मिनिटं सपाट, मग एकदम 16 वॉट-तासांची पायरी. मला वाटलं लाइन तुटते आहे. तसं नव्हतं. 32 बिटांच्या दशांश आकड्यात सुमारे सात अंकच खरे मावतात. मीटर दीड लाख युनिटांच्या पुढे गेलेला, म्हणजे पंधरा कोटी वॉट-तास. एवढ्या मोठ्या आकड्याला 16 पेक्षा लहान पाऊल टाकताच येत नाही. त्याचा इलाज मीटरमध्ये नाही. त्या मीटरचा आलेख पंधरा मिनिटांचा केला आणि पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

एका गुरुवारी सकाळी पहिल्यांदा सगळे 21 आकडे एकाच मिनिटाचे, एकाच पडद्यावर आले. मालकांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि सरळ खालच्या ओळीवर गेले. मेन: आदल्या दिवसाचे 9,240 युनिट. सगळ्या फीडरांची बेरीज: 8,010.

"हे बाराशे तीस कुठं गेले?"

तेरा टक्के. केबलचा लॉस असा नसतो, एवढी उष्णता केबलमध्ये मुरली तर तिच्यावर भाकरी भाजता येईल. मी दोन दिवसांची मुदत मागितली. न मोजलेला फीडर शोधत पॅनेलच्या मागे रांगलो. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) घेऊन भट्टी तपासली, ती बरोबर. कॉम्प्रेसर पुन्हा तपासला. रजिस्टरचे पत्ते पुन्हा पाहिले, फ्रिक्वेन्सी सगळ्यांची 50. सँड प्लांटच्या (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागाच्या) मीटरचं व्होल्टेज, पॉवर फॅक्टर, सगळं मीटरच्या डिस्प्लेशी तंतोतंत जुळत होतं. पडद्यावर तेच होतं जे मीटर सांगत होता, आणि माझं काम तर तेवढंच होतं, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मामांनी वही माझ्यापुढे ठेवली. मी मागितली नव्हती. सँड प्लांटच्या रकान्याच्या डोक्यावर, निळ्या शाईने, प्रत्येक पानावर: 'x2'. मी ती वही कॉम्प्रेसरसाठी चाळली होती, तेव्हा हे माझ्या नजरेखालून गेलंच असणार.

"मामा, हे काय?"

"डबल. दोनशेच्या सीटी जळल्या हुत्या. चारशेच्या बसवल्या. मीटरला सांगायला कोण आलंच न्हाई. मग मी वहीत डबल करून लिवतोय."

 सीटी 200/5 असेल तर मीटर चाळीसने गुणतो. तिथे 400/5 बसला की पाहिजेत ऐंशी, पण मीटरला ते कोणी सांगितलं नाही तर तो चाळीसनेच गुणत राहतो आणि सगळं निम्मं दाखवतो. व्होल्टेज बरोबर, पॉवर फॅक्टर बरोबर, फ्रिक्वेन्सी बरोबर, युनिट निम्मे. सँड प्लांट 1,090 दाखवत होता, होते 2,180. बेरीज 9,100 झाली. उरले 140, दीड टक्का. त्यात केबल, यार्डातले दिवे आणि मीटरांची आपापली चूक.

मी क्लॅम्प मीटर भट्टीला लावला, कॉम्प्रेसरला लावला, सँड प्लांटला लावला नाही. मामांना मी मीटरच्या वर मानलं नव्हतं आणि त्यांनीही मानून घेतलं नव्हतं. पण ते एका मीटरच्या बाबतीत वर होते, आणि ते फक्त त्यांना आणि त्या निळ्या शाईला माहीत होतं.

आता प्रश्न हा की दुरुस्ती कुठे करायची. सॉफ्टवेअरमध्ये दोनने गुणलं तर काम पाच मिनिटांचं, पण पुढे कोणीतरी मीटर दुरुस्त करेल आणि मग आकडा खऱ्याच्या दुप्पट दिसायला लागेल. मीटरमध्ये करायची तर काही मीटर सीटी रेशो बदलला की साठलेले युनिट पुसून टाकतात. हा निळा होता. साठा राहतो हे आधी टेबलावरच्या सुट्या मीटरवर करून पाहिलं. मग पहिल्या तारखेला सकाळी आठला मामांना शेजारी उभं करून मीटरमध्ये 400 भरले. रीडिंग दोघांनी लिहून घेतलं. तरी पुढचे दोन दिवस सँड प्लांट वहीत 4,300 च्या पुढेच. इतक्या वर्षांची सवय. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच लाल पेनाने लिहिलं, 'आजपासून डबल बंद', आणि खाली सही केली.

यानंतर मी उरलेल्या वीस मीटरांचे सीटी पॅनेलमध्ये डोकं घालून, त्यांच्या अंगावरचा छाप वाचून तपासले. आधीच करायला हवं होतं. एकही चूक निघाली नाही, पण मान आखडली ती आठवडाभर.

महावितरणच्या एचटी मीटरला आम्ही हात लावला नाही. तो सीलबंद असतो, आणि त्याच्याशी खेळणं 2003 च्या वीज कायद्यात गुन्हा आहे. शेजारी मालकांचा स्वतःचा चेक मीटर होता, तो जोडायचा ठरला. हा मॉडबस बोलत नाही, डीएलएमएस बोलतो. ही भाषा मला मनापासून आवडते. हिच्यात नुसता खण नसतो, प्रत्येक आकड्याला जगभर एकच नाव असतं. 1.0.1.8.0.255 म्हटलं की एकूण आत घेतलेली वीज, मीटर कोणाचाही असो. भारतासाठी आयएस 15959 हे मानक आहे, कुठला मीटर काय काय देईल ते त्यात ठरलेलं आहे. एकक आणि दशांशाची जागासुद्धा मीटर स्वतःच सांगतो. अर्धे-मुर्धे आकडे जुळवण्याचा खेळ नाही.

फक्त आत शिरायला पासवर्ड लागतो. तो विक्रेत्याकडे. विक्रेता म्हणाला कंपनीकडे, कंपनी म्हणाली मीटरचा नंबर आणि लेटरहेडवर पत्र पाठवा. 19 दिवस. पासवर्ड आला, पहिल्या प्रयत्नात मीटरने सगळं सांगितलं, आणि मी जेवायला गेलो. एवढंच.

पाण्याचे मीटर त्याहून साधे आणि म्हणून जास्त छळणारे. त्यांना भाषाच नाही. आत चुंबक फिरतो, शंभर लिटरला एकदा रीड स्विच मिटतो. तेवढी टिचकी मोजायची. बोअरवेलचा मीटर पहिल्या दिवशी 3 लाख लिटर दाखवू लागला. एवढं पाणी त्या बोअरला असतं तर मालकांनी फाउंड्री बंद करून ऊस लावला असता. स्विच मिटताना थरथरतो आणि एका टिचकीच्या तीन होतात. 50 मिलिसेकंदांच्या आतली दुसरी टिचकी मोजायची नाही असं लावल्यावर आकडा एक लाखाच्या खाली आला. काउंटर शून्यापासून सुरू होतो म्हणून डायलवरचा आकडा हाताने भरला, आणि वीज गेली तरी टिचक्या हरवू नयेत म्हणून बॅटरीवाला लॉगर घेतला.

वीज जाण्याचा आणखी एक प्रसाद मिळाला. वळवाच्या पहिल्या पावसात रात्री सगळं बंद पडलं, पहाटे आलं. सकाळी पाहतो तर पडद्यावर काल रात्रीपर्यंतची माहिती आणि पुढे कोरं. गेटवे चालू, मीटर बोलतायत, सिम कार्डला रेंज आहे. दीड तासाने सापडलं. आकडे येत होते, पण त्यांच्यावरची तारीख होती 1 जानेवारी 1970, सकाळी साडेपाच. या डब्यांचं घड्याळ 1970 च्या आरंभाला शून्य मानतं, आणि ग्रीनिचची मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच. डब्यात घड्याळाचा सेल नव्हता; नेटवरून वेळ मिळायच्या आधीच त्याने रीडिंग पाठवायला सुरुवात केली होती. सेल बसवला. वेळ पटल्याशिवाय काही पाठवायचं नाही, तोवर स्वतःजवळ साठवायचं, असं लावलं.

मालकांना त्यांचा टनाचा आकडा आता रोज संध्याकाळी मिळतो. पहिल्या महिन्यात तो 590 पासून 660 पर्यंत नाचत होता. भट्टी तीच, माल तोच. मिनिटाचे आकडे पाहिल्यावर मिस्त्री स्वतःच म्हणाला की साचे तयार नसले की वितळलेली धातू तशीच धरून ठेवावी लागते, आणि तेवढा वेळ भट्टी वीज घेत राहते. यावरून मोल्डिंग आणि मेल्टिंग यांच्यात जी बाचाबाची झाली तिला मी हजर होतो, पण तो माझा विषय नव्हता.

राहिला कँटीनमागचा तबकडीचा मीटर. त्याला पोर्ट नाही, पल्स नाही, आणि बदलायला मालक तयार नाहीत, कारण कँटीन महिन्याला जेवढी वीज खातं तेवढ्यात नवा मीटर फिटायला वर्षं जातील. मामांनी उपाय काढला. ते रोज आठला त्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकतात आणि तिथली मुलगी आकडा भरते. पडद्यावर प्रत्येक मीटरसमोर माहिती कुठून आली त्याचा रकाना आहे. बाकी सगळीकडे 'माळ 1', 'माळ 2', 'लॉगर' असं आहे. इथे मी 'मामा' लिहिलंय.

आषाढात तो आकडा सलग चार दिवस आला नाही. मालकांनी मला फोन केला, "ते कँटीनचं मीटर बंद पडलंय का बघा जरा."

मीटर चालू होता. मामा पंढरपूरला गेले होते.